आय फाइव्ह हे आडनाव झालं, नाव सांगा की राव!

ॲडमिशनचे दिवस आले की पत्रांचा गठ्ठा वाढतो. पेरणीचं काय ते मागच्या पानावरचे काका बघतात, लॅपटॉपचं माझ्या गळ्यात. आवंदा एकाच प्रकारचे प्रश्न इतके आलेत की अख्खं पान त्यालाच दिलंय.

प्रश्न : नमस्कार सर, मी जिंतूर तालुक्यातला शेतकरी. पोरीला बीसीएला नांदेडला ॲडमिशन मिळालंय. बजेट 40 हजार, ते बी ओढूनताणून. दुकानदार म्हणला आय फाइव्हच्या खाली घेऊच नका, 3 वर्षं काढायचीत. पुतण्या पुण्याला असतो, तो म्हणतो रायझन घ्या. मला यातलं काही कळत नाही. कापसाचे पैसे दिवाळीच्या आसपास येतील, तोवर थांबावं का उसनवारी करून आत्ताच घ्यावा?

काका, आधी त्या आय फाइव्हचं बघू, कामून की सगळी फसगत तिथंच होते. आय फाइव्ह हे इंटेल कंपनीच्या चिपांचं, म्हणजे लॅपटॉपच्या मेंदूचं, आडनाव आहे, नाव नाही. आपल्या गावात जाधव म्हणलं तर कोणते जाधव, वेशीजवळचे का मळ्यातले, विचारावं लागतंच की नाही? तसं आय फाइव्हच्या पुढं जो नंबर असतो तो विचारायचा. आय फाइव्ह 7200यू नावाची चिप 2016 सालची, तिच्यात कोअर, म्हणजे काम करणारे हात, दोनच. आणि आय थ्री 1215यू ही 2022 सालची, तिच्यात सहा कोअर. म्हणजे बघा, लहान आडनावाचा पोरगा मोठ्या आडनावाच्या म्हाताऱ्याला आरामात मागं टाकतो, पण दुकानात स्टिकर आय फाइव्हचा दिसला की आपण खूष. नंबर 1 नं सुरू होत असला तर पहिले दोन आकडे म्हणजे पिढी, 1215 मधे 12वी पिढी, दुसऱ्या आकड्यानं सुरू होत असला, म्हणजे 7200 सारखा, तर पहिला एकच. हल्लीच्या काही चिपांवरून इंटेलनं तो आय काढूनच टाकलाय, कोअर 3, कोअर 5 असं लिहिलेलं दिसतं, तिथं पण सवय तीच, पुढचा नंबर पूर्ण वाचायचा.

पुतण्याचं चूक नाही पण अर्धंच आहे. रायझन म्हणजे एएमडी कंपनीच्या चिपा, त्यात पण हीच गंमत, उलट जास्त. रायझन 5 7520यू आणि रायझन 5 7530यू, दोन्ही दुकानात शेजारी शेजारी, नंबरात फरक एका आकड्याचा. पण या 7 हजारच्या मालिकेत तिसरा आकडा आतली रचना कुठली ते सांगतो. 2 असला की झेन 2, ती 2019 ची रचना, 3 असला की झेन 3. शिवाय 7520यू ला चार कोअर आणि 7530यू ला सहा. वर 7520यू बरोबर येणारी रॅम, म्हणजे चालू कामं धरून ठेवणारी मेमरी, बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. 8 जीबीवाला घेतला तर पोरीचं शिक्षण होईपर्यंत 8 जीबीच.

आणि माझं खरं म्हणणं इथंच आहे. 40 हजारात तुम्हाला सगळं चांगलं मिळणार नाही, कुणालाच मिळत नाही, म्हणून असा लॅपटॉप घ्या जो पुढं वाढवता येतो. बैल घेताना आपण दात बघतो ना, तसं इथं रॅमचा रिकामा स्लॉट बघायचा. दुकानदाराला सरळ विचारा, यात एक्स्ट्रा रॅम स्लॉट आहे का, आणि तो हो म्हणला तर मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या माहितीत बघून घ्या, पोरगी मोबाईलवर दोन मिनिटात काढून देईल. एकाच नावाच्या लॅपटॉपात एका व्हेरियंटला स्लॉट असतो अन् दुसऱ्याला नसतो, त्यामुळं तोंडी सांगण्यावर जाऊ नका. 16 जीबीवालाच बजेटात बसला तर सोन्याहून पिवळं, नाही बसला तर 8 जीबी आणि स्लॉट रिकामा. 2025 च्या शेवटापासून रॅम महागलीय, एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी मेमरी ओढून नेलीय, त्यामुळं उद्या स्वस्तात टाकू असं काही मी सांगणार नाही. पण दार उघडं ठेवायला काय जातंय.

बाकीचं पटकन सांगतो. स्टोरेज, म्हणजे फाइली साठवायची जागा, एसएसडीच पाहिजे (फिरती तबकडी नसलेली, जलद), 512 जीबी. हार्डडिस्कवाला नको, आणि ईएमएमसी (एसएसडीपेक्षा हळू स्टोरेज) असं लिहिलेलं स्वस्तातलं काही दिसलं तर हातच लावू नका. (512 घेतल्यावर आत 476 दाखवतंय म्हणून भांडायला जाऊ नका, तो मोजायच्या पद्धतीचा फरक आहे, चोरी नाही.) स्क्रीन फुल एचडी आणि आयपीएस (तिरकं बघितलं तरी रंग नीट दिसणारी) असावी. सेलेरॉन नावाच्या इंटेलच्या हलक्या चिपेवर स्वस्तात जे मिळतं ते बीसीएला नको, त्यातल्या बऱ्याच चिपांना दोनच कोअर असतात, चार टॅब उघडले की रडायला लागतो.

आता थांबायचं का. थांबा काका. पहिल्या सेमिस्टरला सी लँग्वेज असती, ती कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर पण चालती, पोरीला फक्त सांगा की लॅबचा टाईम वाया घालवू नको, एक दिवस पण चुकवू नको. दसरा-दिवाळीला सेल असतातच. भाव दोन-तीन हजारानं वाढले जरी, तरी उसनवारीच्या व्याजापेक्षा परवडतंय. फक्त एक, दुकानदार म्हणला की बिल नको तर कमी करतो, तर नाही म्हणायचं. 18 टक्के जीएसटी वाचला असं वाटतं पण पुढं वॉरंटीचं काम निघालं की खरेदीची तारीख दाखवायला कागद नसतो. पक्कं बिल, त्यावर सीरियल नंबर.

प्रश्न : दादा, मी लातूरचा, मेकॅनिकलला चाललोय. मित्र म्हणतेत गेमिंग लॅपटॉपच लागतो, नाहीतर सॉफ्टवेअर चालत नाहीत. मामा म्हणतेत ते जुनं मॅकबुक देतो, फुकट. काय करू?

मामांना थँक्यू म्हण आणि मॅकबुक पिक्चर बघायला ठेव. तुला पुढं सॉलिडवर्क्स, म्हणजे मशीनच्या भागांची 3डी मॉडेलं करायचं सॉफ्टवेअर, लागणार, ते विंडोजवरच चालतं. ऑटोकॅड मॅकवर पण येतं, पण अर्ध्या सॉफ्टवेअरसाठी मित्राच्या रूमवर जाऊन बसणं काही खरं नाही.

गेमिंगचं म्हणशील तर मित्रांचं दुखणं वेगळंय, त्यांना गेम खेळायचाय अन् घरी मेकॅनिकलचं नाव सांगायलेत! फर्स्ट इयरला ड्रॉइंग, बेसिक प्रोग्रॅमिंग, मॅथ्स. कॉलेजात शिकवतात तेवढी छोटी मॉडेलं साध्या लॅपटॉपच्या आतल्या ग्राफिक्सवर पण निघतात, मोठी असेंब्ली आणि सिम्युलेशनला जोर लागतो आणि ते थर्ड इयरला. गेमिंगवाला सव्वादोन-अडीच किलोचा, वर चार्जरची वीट वेगळी, बॅटरी तीन-चार तासात ढेपाळते. रोज बसनं जाणार असशील तर खांदा सांगेल. आत्ता सहा कोअरची चिप, 16 जीबी रॅम, 512 एसएसडी घे आणि बाकीचे पैसे बाजूला ठेव. ऑटोडेस्कची (ऑटोकॅड बनवणारी कंपनी) सॉफ्टवेअरं विद्यार्थ्यांना फुकट मिळतात, कॉलेजचं कागदपत्र दाखवून दरवर्षी रिन्यू करायची, त्यामुळं क्रॅक टाकून देतो म्हणणाऱ्याला पाचशे रुपये द्यायची काही गरज नाही, त्या क्रॅकबरोबर व्हायरस मोफत असतो.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरात एका ठिकाणी सेकंडहँड आय फाइव्ह 18 हजारात सांगायलेत, दिसायला एकदम नवा. घ्यावा का? बी.एस्सी. फर्स्ट इयर.

सेकंडहँडला माझा विरोध नाही, माझा स्वतःचा पहिला लॅपटॉप सेकंडहँडच होता. कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप असतात, बॉडी मजबूत, कीबोर्ड चांगला. पण पिढी 8वी किंवा पुढची पाहिजे, म्हणजे नंबर 8250 असा 8 नं किंवा त्यापुढच्या पिढीच्या आकड्यानं सुरू व्हायला पाहिजे. कारण विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय आणि विंडोज 11 इंटेलच्या 6व्या-7व्या पिढीला, एखाददुसरा अपवाद सोडला तर, अधिकृतपणे चालत नाही. दुकानदार जुगाड करून टाकून देतो, स्क्रीनवर 11 दिसतं, पण पुढं एखादा मोठा अपडेट आला की अडकला. 18 हजारात 7वी पिढी देत असेल तर ते महागच झालं.

पिढी बरोबर असली तरी लगेच पैसे काढू नका. अर्धा तास बसायचं तिथं, लाजायचं नाही. मी एकदा लाजलो होतो, गर्दी होती म्हणून घाईत उचलला, घरी आल्यावर कळलं की बिजागरी आतून डिंकानं चिकटवलीय, महिन्यात स्क्रीन लोंबायला लागली. तर झाकण वीस वेळा उघडून मिटून बघा, नोटपॅड उघडून एकूण एक बटण दाबा, सगळ्या पोर्टात पेनड्राइव्ह घाला, कॅमेरा लावा. चालू करताना बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणारी आतली सेटिंग) पासवर्ड मागत असेल किंवा कुठल्या तरी कंपनीचं नाव दाखवत असेल तर सोडून द्या, तो लॉक निघता निघत नाही. बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमधे पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून स्लॅश बॅटरीरिपोर्ट अशी कमांड इंग्रजीत टाका, एक फाईल तयार होते, तिच्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा. देतेत, घासाघीस करावी लागते.

प्रश्न : सर मी बीडची, बी.ए. मराठी करणार आहे. सोबत स्पर्धा परीक्षेचा पण विचार आहे. घरचे म्हणतात लॅपटॉप घेऊ, पण मलाच वाटतं खर्च कशाला. बरोबर आहे का माझं?

एकदम बरोबर ताई. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला लॅपटॉप नसल्यानं कुणाचं काही अडलेलं मला माहीत नाही. त्या पैशाची पुस्तकं आणि अभ्यासिकेची फी भरा. टायपिंगची सवय करायची असेल तर साधा यूएसबी कीबोर्ड आणि एक ओटीजी (कीबोर्ड मोबाईलला जोडायची छोटी पिन) घ्या, पाच-सहाशे रुपयात होतं, मोबाईलला लावून मराठी टाईप करता येतं, इनस्क्रिप्टच (मराठी अक्षरांची प्रमाणित कीबोर्ड मांडणी) शिका, सुरुवातीला बोटं अडखळतात पण पुढं कुठल्याही कॉम्प्युटरवर तेच चालतं. नंतर कधी घेतलाच तर लिबरऑफिस (वर्डसारखं सॉफ्टवेअर) फुकट आहे, त्यात युनिकोड मराठी व्यवस्थित येतं.

प्रश्न : नवा लॅपटॉप घेतलाय, गाव सेलू तालुक्यात. चार्जिंगला लावला की बॉडीला हात लावल्यावर मुंग्या येतात. दुकानदार म्हणतो पीस ओके आहे. शिवाय लाईट सारखी ये-जा करती, आणि घर पत्र्याचं. लॅपटॉप खराब होईल का?

दुकानदार खरं बोलत असावा. चार्जर काढून फक्त बॅटरीवर चालवून बघा, मुंग्या गेल्या ना? मग ती अडचण बहुतेक अर्थिंगची. चार्जरमधून थोडासा करंट बॉडीवर येतो, अर्थिंग असलं तर तो जमिनीत उतरतो, नसलं तर तुमच्या हातातून वाट शोधतो. दोन पिनांच्या चार्जरला किंचित जाणवणं नेहमीचं आहे, पण तीन पिनांच्या चार्जरला जाणवत असेल, किंवा मुंग्या सोडून झटका बसत असेल, तर मात्र आत्ताच चार्जिंग बंद करा. बऱ्याच घरी तिसऱ्या भोकाला वायरच नसते, नुसतं दाखवायला भोक.

लाईट जाण्याचं टेन्शन घेऊ नका, लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, 42 वॅट-अवरची असेल तर साध्या कामाला पाच तास सहज. लाईट परत येताना जो दणका येतो तो वाईट, म्हणून गेली की प्लग काढायचा आणि आल्यावर पाच मिनिटानं लावायचा, स्पाइक गार्ड पण घ्या. पत्र्याखाली एप्रिल-मेच्या दुपारी लॅपटॉप बंदच ठेवा आणि गादीवर ठेवून तर कधीच चालवू नका, खालची हवा कोंडते. उन्हाळ्यात बॅटरी शंभर टक्के भरून ठेवली की लवकर म्हातारी होते, बऱ्याच कंपन्यांच्या ॲपमधे 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती चालू करा.

अर्थिंगसाठी मात्र दुकानात परत जाऊ नका, गावातल्या वायरमनला बोलवा आणि बोर्ड उघडून तिसरी वायर अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत गेलीय का ते समोर उभं राहून बघा.