खोबरेल थिजलं म्हणजे थंडी आली का?

प्रश्न: दुपारी अजून फॅन लागतो, पहाटे मात्र पाय गार पडतात. सासूबाई म्हणतात खोबरेल थिजलं की थंडी आली समजायचं. खरंय का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: सासूबाईंचं बरोबर आहे हो. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजायला लागतं, म्हणजे बाथरूममधली बाटली हा फुकटातला थर्मामीटरच. पाऊस परतला की ढग जातात, हवा कोरडी होते, मग दिवसा ऊन थेट डोक्यावर आणि रात्री जमिनीची उष्णता भराभर वर निघून जाते, अडवायला ढगच नसतात ना, त्यात पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, म्हणून दुपारी फॅन अन् पहाटे गोधडी. शहरातही सगळीकडे सारखं नसतं, पाषाणला स्वेटर निघतात तेव्हा मगरपट्ट्यात लोक हाफ शर्टात (काँक्रीट, दुसरं काय!).

अजून एक बघा, आपल्याकडे सूर्य सगळ्यात लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटी, सहाच्या जरा आधी, २२ डिसेंबरला, म्हणजे सगळ्यात लहान दिवशी, नाही. आणि मंडईत आवळे दिसायला लागलेच असतील. फॅन मात्र एवढ्यात पुसून ठेवू नका, बंगालच्या उपसागरात काही तयार झालं की ढग येतात आणि थंडी चार दिवस गायब.