वेग घेताच गोठणारे चित्र

प्रश्न : आमच्या पत्र्याच्या छपराच्या सभागृहात विद्यार्थ्यांनी बनवलेली रिमोटवरची मोटार धावते. तिच्यावरील कॅमेऱ्याचे वायफायने येणारे थेट चित्र मोटार उभी असताना स्वच्छ दिसते, पण ती वेगाने धावू लागताच गोठते. राउटर बदलावा का? — एक शिक्षक, फोंडा

उत्तर : तशी घाई करू नये. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते. भिंतींवरून आणि पत्र्यावरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळल्याने साधारण दर सहा सेंटिमीटरवर संकेत क्षीण होऊ शकतो, आणि सेकंदाला ५ मीटर धावणारी मोटार असे सुमारे ८० खळगे सेकंदागणिक ओलांडते. म्हणून राउटरचे दोन अँटेना एकमेकांपासून दूर व उंचावर ठेवावेत. एकाचा संकेत बुडतो तेव्हा दुसऱ्याचा बहुधा शाबूत असतो, आणि माझ्या मते हाच सर्वांत मोलाचा उपाय आहे. नेटवर्कवर माहिती तुकड्यांत पाठवण्याच्या टीसीपी आणि यूडीपी या दोन पद्धतींपैकी व्हिडिओ यूडीपीने पाठवावा, कारण टीसीपी हरवलेला तुकडा पुन्हा पाठवत राहते आणि तोवर मोटार पुढे गेलेली असते. बिटरेट (दर सेकंदाला पाठवल्या जाणाऱ्या माहितीचे प्रमाण) उतरवावा, की-फ्रेम (आधीच्या चित्रांवर अवलंबून नसलेल्या पूर्ण चौकटी) वारंवार पाठवाव्यात. विद्यार्थ्यांना उपकरण बांधू देता, हे फार चांगले करता.