माळ्यावर ठेवलेला आकाशकंदील

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आणि मुलगा चौथीत आहे. मुलगी अभ्यासात पुढे, वक्तृत्वात बक्षिसे मिळवणारी आणि चारचौघांत चटकन मिसळणारी. मुलगा मात्र अबोल आहे. पाहुणे आले की तो आतल्या खोलीत जाऊन बसतो, आणि काही नवे करायचे म्हटले की ‘मला नाही जमणार’ हे त्याचे पहिले वाक्य असते. घरी येणारा प्रत्येक जण त्याला ‘ताईसारखा हो’ असे सांगून जातो. त्याचा आत्मविश्वास वाढावा म्हणून गेले वर्षभर आम्ही त्याच्या प्रत्येक गोष्टीचे भरभरून कौतुक करतो. दिवाळीत त्याने आजोबांसोबत बसून आकाशकंदील केला, तेव्हा मी शेजाऱ्यांना बोलावून ‘असा कंदील अख्ख्या सांगलीत कुणाकडे नसेल’ असे म्हणाले. त्याच रात्री त्याने तो उतरवून माळ्यावर ठेवून दिला. आमचे काय चुकले? पुढच्या महिन्यात शाळेचे स्नेहसंमेलन आहे. त्याला नाटकात बळेच उभे करावे का?
– एक आई, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रातला कंदील मनातून जात नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते. कामट्या तासायच्या, दोऱ्याने सांगाडा बांधायचा, खळ लावून पतंगी कागद ताणून चिकटवायचा, मग झिरमिळ्या कातरायच्या, हे सारे चौथीतल्या मुलाने केले आहे. कोणत्या बाजूचा कागद सुरकुतला आणि कोणती झिरमिळी आखूड झाली, हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नाही. अशा मुलाच्या कानावर ‘अख्ख्या सांगलीत असा कंदील नाही’ हे वाक्य पडले, तेव्हा आईने कंदील नीट पाहिलेलाच नाही आणि पुढच्या वर्षी याहून कमी प्रतीचा करून चालणार नाही, असेच त्याला बहुधा वाटले असेल. तुम्ही मायेपोटी बोललात याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मात्र त्या मायेचे त्याला ओझे झाले.

याला संशोधनाचाही आधार आहे. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८ ते १२ वर्षांच्या मुलांना व्हॅन गॉगच्या एका चित्राची नक्कल काढायला सांगितली होती. त्यानंतर काही मुलांना ‘सुंदर चित्र’ असा, काहींना ‘कमालीचे सुंदर चित्र’ असा शेरा मिळाला, तर काहींना कसलाच शेरा मिळाला नाही. पुढे सोपी चित्रे काढायची की अवघड, हे मुलांनीच ठरवायचे होते. ज्यांचे स्वतःविषयीचे मत मुळातच कमी होते, ती मुले फुगवलेल्या शेऱ्यानंतर सोप्या चित्रांकडे वळली. त्याहून हळहळ वाटावी अशी गोष्ट म्हणजे, मोठी माणसे असे फुगवलेले कौतुक नेमक्या याच मुलांच्या वाट्याला जास्त देतात, हेही त्याच संशोधकांना आढळले. तुमच्या घरात हेच घडले आहे.

म्हणून कौतुक थांबवू नका, ते खरे करा. ‘ही गाठ तू दोनदा बांधलीस ना?’ किंवा ‘निळ्याच्या शेजारी पिवळा कागद कसा सुचला?’ असे विचारून पाहा आणि उत्तर ऐकायला थांबा. अबोल मुले हाताखालच्या कामाबद्दल पुष्कळ बोलतात, फक्त त्यांना बोलायला अवधी लागतो आणि आपण तेवढ्यात पुढचे वाक्य बोलून मोकळे होतो. झिरमिळी वाकडी असेल आणि तो स्वतः तसे म्हणाला, तर ‘छे, मुळीच नाही’ म्हणू नका. ‘हो, जरा वाकडी आहे, पुढच्या वेळी पट्टी धरून कातरू या’ असे म्हणा. त्याची नजर बरोबर आहे हे त्याला आईकडून कळणे, ही त्या वयात फार मोठी गोष्ट असते.

आता त्याच्या अबोलपणाविषयी. स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये १३३ मुलांचा बाळपणापासून अनेक वर्षे मागोवा घेतला. त्यांपैकी सुमारे १५ टक्के मुले नव्या माणसांत आणि नव्या जागी सावकाश रुळणारी होती. हा दोष नव्हे, उपजत स्वभाव आहे. या दोघांचा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो: मुलाचे भले त्याच्या स्वभावाइतकेच, त्या स्वभावाशी भोवतालच्या माणसांच्या अपेक्षा किती जुळतात यावर अवलंबून असते. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे कृतीत उतरवले होते. १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केल्यावर आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. त्या बालवाडीच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला आहे.

‘ताईसारखा हो’ हे वाक्य घरातून हद्दपार झालेच पाहिजे, आणि ते काम तुम्हा दोघांचे आहे, मुलाचे नव्हे. पाहुण्यांसमोरच शांतपणे ‘तो त्याच्यासारखाच आम्हाला हवा आहे’ एवढे म्हणा. सासूबाईंना किंवा वडीलधाऱ्यांना हे तोंडावर सांगणे अवघड वाटत असेल, तर आधी बाजूला बसून सांगा. या तुलनेत मुलीचेही नुकसान होते, कारण घरातले आपले स्थान बक्षिसांवर टिकून आहे असा तिचा समज होऊ शकतो. तिच्याशीही एकदा निवांत बोला.

एक शंका मात्र तपासून घ्या. ‘मला नाही जमणार’ हे तो विशेषतः वाचताना किंवा लिहिताना म्हणत असेल, तर डोळे तपासा आणि अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्या. झोप उडाली, शाळेत जायलाच नको म्हणू लागला किंवा जगण्याविषयी निराश बोलू लागला, तर वाट न पाहता बालमानसतज्ज्ञांकडे जा.

स्नेहसंमेलनात बळेच उभे करू नका, पण त्याला वगळूही नका. वर्गशिक्षिकांना भेटून, नेपथ्याचे किंवा सजावटीचे काम त्याला देता येईल का, हे विचारा. त्याआधी त्यालाही विचारा. तो हो म्हणाला, तर आदल्या दिवशी सभागृह रिकामे असताना त्याला तिथे एकदा फिरवून आणा. आणि माळ्यावरचा कंदील त्याच्या परवानगीशिवाय खाली काढू नका. तो राहू द्यायचा म्हणाला, तर तिथेच राहू द्या.