ग्रुपमध्ये कुणी ओळखलं तर?

"मॅडम, माझ्याच गल्लीतली कुणी निघाली तर?" समुपदेशनात एचआयव्ही असलेल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव काढलं की पहिला प्रश्न हाच येतो.

सुमनताईंनीही (नाव आणि खुणा बदलल्या आहेत) तोच विचारला. सिंहगड रोडच्या सोसायट्यांमध्ये पोळ्या लाटायचं काम, नवरा वारलेला, घरी सासूबाई आणि दहावीतला मुलगा. मुलाची तपासणी निगेटिव्ह. एआरटीची, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी गोळी नियमित सुरू, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) आटोक्यात. घरात मात्र कुणालाच काही ठाऊक नाही.

माझं उत्तर ठरलेलं असायचं: "तीही त्याच कारणाने तिथे आली असणार ना?" सुमनताई म्हणाल्या, "तिनं घरी सांगितलं असेल तर तिला कसली भीती? बोलून मोकळी होईल. मी कुठं जाऊ?" मला काही सुचलं नाही.

तेव्हापासून आधी मी फोन बघायला मागते. त्यांच्या डीपीत मुलगा शाळेच्या गणवेशात, मागे सोसायटीची पाटी. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये नंबर सगळ्यांना दिसतो. मी तो ट्रूकॉलरवर टाकला, तर आलं 'सुमन पोळीवाली'. दोघी हसलो, पण त्यांचा चेहरा उतरला होता. मग वेगळं सिम घेतलं, डीपीला झेंडूचं फूल लावलं. मुलगा फोन हाताळतो, म्हणून लॉक स्क्रीनवर मेसेज दिसणं बंद केलं. ग्रुपचं नाव ॲडमिनताईंनी आधीच 'सोमवारची भिशी' ठेवलेलं.

२०१७चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. विश्वासाने सांगितलेली अशी गोष्ट संमतीशिवाय दुसऱ्याला सांगायला तो मनाई करतो. हे मी सगळ्यांना सांगते. मात्र फिरलेला स्क्रीनशॉट कायदा परत आणू शकत नाही, हेही सांगते. ज्यांना एवढंही नको, त्यांनी १०९७ या मोफत हेल्पलाइनवर बोलून बघावं.

दोन आठवडे सुमनताई नुसत्या वाचत होत्या. मध्ये कुणीतरी 'एड्स मुळापासून बरा करणारं' चूर्ण फॉरवर्ड केलं. ॲडमिनताईंनी ते उडवलं आणि पाठवणारीला चांगलं झापलं. (असा ॲडमिन नसेल, तर त्या ग्रुपात मी कुणाला पाठवत नाही.)

मग दिवाळी आली. गावी जायचं, एकाच खोलीत आठ माणसं, आणि रात्री नऊची गोळी. सुमनताईंनी पहिल्यांदा लिहिलं: 'डबी कुठं ठेवू?' पाच मिनिटांत उत्तर: 'अगं, लेबल ओल्या बोटानं सोलून काढ. कॅल्शियमची आहे म्हणून सांग. बाईच्या कॅल्शियमला कोण विचारतंय!' इतकी वर्षं या खुर्चीत बसून मला हे सुचलं नव्हतं.

मी फक्त दोन गोष्टी जोडल्या. डबीतली ओल शोषणारी पुडी काढू नका. आणि खरंच कॅल्शियम किंवा लोहाची गोळी सुरू असेल तर आम्हाला सांगा. रिकाम्या पोटी दोन्ही एकदम घेतल्या तर एआरटीच्या गोळीतलं डोल्युटेग्रॅविर हे औषध अंगात नीट उतरत नाही, त्यामुळे वेळ ठरवून घ्यावी लागते.

तिसऱ्या दिवशी गावाहून मेसेज आला. सासूबाई म्हणाल्या होत्या, "गुडघे लई दुखतात गं, मलापण एक दे त्यातली." सुमनताई घाबरून ग्रुपवर आल्या. माझ्याआधी साताऱ्याच्या एकीनं लिहिलं होतं: 'डॉक्टरांनी लिहून दिलेली आहे, दुसऱ्याला चालत नाही म्हण. आणि डबी ब्लाउजच्या घडीत ठेव, तिथं सासू हात घालत नाही.'