ट्रायग्लिसराइड वाढले, पण दोष आहाराचा का?

प्रश्न : माझ्या १६ वर्षांच्या मुलीला ५ वर्षांपासून पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे. परीक्षेच्या दिवसांत तिची इन्सुलिनची बरीच इंजेक्शने चुकली. त्यानंतरच्या तपासणीत एचबीए१सी (मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर) १०.८ टक्के, ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबीचा एक प्रकार) ३८६, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १४८ आणि एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ५२ आले. मुलगी किडकिडीत आहे आणि तेलकट खाणे आमच्याकडे फारसे होत नाही. मग चरबी वाढली कशी? कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सुरू कराव्या लागतील का?

उत्तर : ३८६ या आकड्याचे मूळ बहुधा चुकलेल्या इंजेक्शनांत आहे, ते स्वयंपाकघरात शोधून स्वतःला दोष देऊ नका. इन्सुलिन म्हणजे साखर उतरवणारे औषध एवढेच आपण धरून चालतो, परंतु शरीरातील चरबीचा बराचसा कारभारही त्याच्याच हाती असतो. ते पुरेसे असते तेव्हा मेदपेशी साठवलेली चरबी धरून ठेवतात आणि केशवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरचे लायपोप्रोटीन लायपेज हे विकर (एन्झाइम) रक्तातले ट्रायग्लिसराइड फोडत राहते. इन्सुलिन कमी पडले की मेदाम्ले सुटून यकृताकडे जातात, यकृत त्यांचे पुन्हा ट्रायग्लिसराइड करून रक्तात सोडते, आणि त्यांचा निचरा करणारे विकर नेमके त्याच वेळी मंदावलेले असते. कीटोॲसिडोसिसच्या (इन्सुलिनच्या तीव्र अभावी रक्तात आम्ल साचण्याच्या अवस्थेतील) काही रुग्णांचे रक्त नळीत थोडा वेळ ठेवले, तर वर येणारा एरवीचा पिवळसर, नितळ द्रव पातळ दुधासारखा पांढुरका दिसतो. इन्सुलिनचे उपचार मिळाल्यावर तो हळूहळू निवळतो. मुलगी किडकिडीत आहे यावर म्हणूनच विसंबता येत नाही, कारण इन्सुलिनअभावी चरबी वितळूनही वजन उतरते.

एलडीएलची गोष्ट थोडी वेगळी आहे. साखर आटोक्यात आल्यावर तेही काहीसे उतरते, पण ट्रायग्लिसराइडइतके हमखास नाही. शिवाय अनेक प्रयोगशाळा एलडीएल थेट न मोजता सूत्राने काढतात आणि ट्रायग्लिसराइड ४००च्या आसपास गेले की ते गणित डळमळू लागते. त्यामुळे साखर स्थिरावल्यावर, साधारण ३ महिन्यांनी, लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीची तपासणी) पुन्हा करा. तेव्हाही एलडीएल चढेच राहिले तर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासून घ्या. पहिल्या प्रकारच्या मधुमेहासोबत थायरॉइडचा स्वयंप्रतिकार विकार पुष्कळदा आढळतो आणि थायरॉइड मंदावले की एलडीएल वाढते. लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिनही पाहावे, कारण मूत्रपिंडाला इजा होऊ लागली की रक्तातील चरबी बिघडते. आणि तुम्ही दोघांनी स्वतःचे कोलेस्टेरॉल कधी तपासले आहे का? आनुवंशिक दोष असेल तर तो मधुमेहाशी संबंध नसतानाही मुलीत उतरू शकतो. वयात येताना इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, तेव्हा डोस अपुरा पडत नाही ना, हेही डॉक्टरांना विचारा.

एचडीएल ५२ आहे, हे चांगलेच. मात्र या मधुमेहात ते बऱ्याचदा चांगले असते, त्यामुळे तेवढ्यावरून हृदय सुरक्षित आहे असे मानू नये.

गोळ्यांचा निर्णय या एका अहवालावर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दहा वर्षांवरील मुलांत साखर सुधारून आणि सुमारे ६ महिने आहार सांभाळूनही एलडीएल १३०च्या वर राहिले, तर डॉक्टर स्टॅटिनचा (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांचा) विचार करतात. मुलींच्या बाबतीत पुढे गरोदरपणी ते चालू ठेवायचे की नाही, याचीही चर्चा आधीच करावी लागते. इन्सुलिनला मात्र पर्याय नाही. १९८३ मध्ये सुरू झालेल्या डीसीसीटी या पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांच्या अभ्यासात ज्यांची साखर सुरुवातीची काही वर्षे काटेकोरपणे सांभाळली गेली, त्यांच्यात पुढे हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार ४२ टक्क्यांनी कमी आढळले.

एक नाजूक गोष्ट विचारतो. इंजेक्शने खरोखर चुकली, की तिने ती टाळली? इन्सुलिनने वजन वाढते या भीतीने या वयातील काही मुली डोस मुद्दाम सोडतात आणि घरी कुणाला सांगत नाहीत. रागावण्याच्या सुरात नव्हे, शांतपणे जवळ बसून तिला विचारा, आणि तसे असेल तर पुढच्या भेटीआधीच तिच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.