खंडकरी: खंड देणारा की घेणारा?

प्रश्न असा: भाडेकरू भाडं देतो, मग श्रीरामपूर-इंदापूरकडे जमीन खंडाने देणाऱ्या मूळ मालकाला 'खंडकरी' का म्हणतात? हे उलटं नाही का?

नाही. खंड म्हणजे जमीन कसायला दिल्याबद्दल आधीच ठरवलेला मोबदला. बटाईसारखा पिकातला वाटा नव्हे. आणि '-करी' हा प्रत्यय देण्याघेण्याबद्दल काही बोलतच नाही, फक्त नातं जोडतो. वाटेकऱ्याला वाटा मिळतो, मानकऱ्याला मान मिळतो, गावकऱ्याला बहुधा काहीच मिळत नाही! तेव्हा खंड देणारा आणि घेणारा, दोघेही खंडकरी होऊ शकतात. कालव्यांच्या पट्ट्यात एकच अर्थ रुजला, त्याचं कारण व्याकरणात नाही, साखरेत आहे.

श्रीरामपूरजवळच्या हरेगावची बेलापूर साखर कंपनी १९१९ ची. पुढे १९३२ च्या कायद्याने देशी साखरेला संरक्षण मिळालं आणि कारखानदार घराण्यांनी उसाच्या मळ्यांभोवती गावंच वसवली: वालचंद हिराचंदांचं कळंबजवळचं वालचंदनगर, डहाणूकरांचं टिळकनगर, सोमय्यांची कोपरगावकडची साकरवाडी. (फलटणची साखरवाडी वेगळी; एका 'ख'साठी पत्रं भलतीकडे जातात.) माळीनगरची गोष्ट निराळी. तो कारखाना सासवडच्या माळी बागायतदारांनी स्वतः उभारला.

कारखान्याला सलग ऊस हवा, म्हणून अनेक ठिकाणी आसपासच्या शेतकऱ्यांच्या जमिनी लांब मुदतीच्या खंडाने घेतल्या गेल्या. म्हणजे कसणारी बलाढ्य कंपनी आणि मालक चार-दोन एकरांचा. अशा कंपनीला कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा शेतकरी, म्हणायला जीभ रेटत नाही. कायद्यानेही तिला नेहमीच्या कुळांत बसवलं नाही, कारण ऊसलागवडीसाठी दिलेले पट्टे (भाडेकरार) कूळकायद्याच्या मुख्य तरतुदींतून वगळले होते. उरला तो खंड घेणारा, आणि नाव त्याला चिकटलं.

खरा घोळ १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने झाला. त्यात 'धारण' मोजताना मालकीची आणि खंडाने घेतलेली, दोन्ही जमीन धरली जाते. कंपनीची धारणा मर्यादेबाहेर गेली, आणि त्या हिशेबात लहान मालकाची जमीनही सरकारजमा होऊन १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेली. पुढची कित्येक दशकं मोर्चे, अर्ज, कोर्टकचेऱ्या चालल्या आणि 'खंडकरी' हा शब्द सातबाऱ्यापेक्षा वर्तमानपत्रांतून जास्त ऐकू येऊ लागला. माझ्या मते आजचा नेमका अर्थ या लढ्यानेच पक्का केला. 'खंडकऱ्यांना जमिनी परत' या मथळ्यात मालकाशिवाय दुसरा कोणी बसतच नाही.

हरेगावच्या बातम्यांत 'आकारी पडीत' असाही शब्द दिसेल; तो याचा पर्याय समजू नका. आकार म्हणजे शेतसारा. तो थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन ती आकारी पडीत. त्या शेतकऱ्यांचा प्रश्नही वेगळा आहे.