मेगा मॅनची सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : कॅपकॉम कंपनीच्या ‘मेगा मॅन’ या व्हिडिओ गेम मालिकेतील जुने खेळ मी कधीच खेळलेलो नाही. १९८७च्या पहिल्या भागापासूनच सुरुवात करावी का?

उत्तर : करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मूळ पहिल्या भागात प्रगती जपून ठेवण्याची सोयच नाही. जपानात १९८८मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात प्रगती जपणारा पासवर्ड आहे, शक्ती भरून देणाऱ्या ई-टाक्या आहेत, आणि आठ यंत्रमानवांपैकी कोणाशी आधी झुंजायचे हे तुम्हीच ठरवता. हरवलेल्याचे शस्त्र तुमचे होऊन पुढच्या एखाद्यावर विलक्षण परिणामकारक ठरते, ही मालिकेची खरी गंमत तिथे उत्तम कळते. त्या आठांपैकी आधी मेटल मॅनला गाठावे, कारण त्याची दातेरी चक्रे अखेरपर्यंत उपयोगी पडतात. कथानक जुजबीच असल्याने पहिला भाग नंतर खेळला तरी काही बिघडत नाही.